मजुरी कमी मिळाल्यास काय करावे?

भाताची कापणी व झोडणी आटोपली म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांत शेतीच्या कामाचा तुटवडा पडतो. दिवाळीनंतर कातकरी व इतर आदिवासी समाजांतील अनेक कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. आठवड्यास खर्ची मिळते व पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. याच वेळी ‘उचल अजून फिटली नाही’ असे सांगून पुष्कळांना रित्या हाताने परत पाठविले जाते. आसनगाव परिसरातील ग्रामसेवकांस हा अनुभव नवा नाही. म्हणून या बाबतीत कोणती तजवीज करावी, याचा येथे विचार केला आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जुना आहे. १९४५ साली जवळच टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली मजुरांनी वेठ व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध लढा दिला आणि पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. ही मागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. काम किती व त्याचे दाम किती, हे दोन्ही तीत स्पष्ट होते. असा स्पष्टपणा नसेल तेथेच मजूर नागविला जातो.

हिशेब कसा ठेवावा, हे एका उदाहरणाने पाहू. त्यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. एका जोडप्याने १५,००० रुपये उचल घेतली. १४० दिवसांत त्यांनी ८४,००० विटा पाडल्या. दर हजारी १,००० रुपये ठरला होता. म्हणजे मजुरी ८४,००० रुपये झाली. आठवड्यास १,५०० रुपयांप्रमाणे २० आठवड्यांची खर्ची ३०,००० रुपये होते. खर्ची व उचल मिळून ४५,००० रुपये वजा करता मालकाकडून ३९,००० रुपये येणे निघते. आता दुसरा पडताळा घ्यावा. दोन माणसांचे १४० दिवस म्हणजे २८० मनुष्यदिवस. तेव्हा रोज दरडोई ३०० रुपये पडले. शासनाने त्या कामास ठरविलेला किमान दर याहून अधिक असेल, तर ठरलेला हजारी दरच अपुरा होता असे समजावे. मजुराने तो मान्य केला होता, ही सबब चालत नाही.

यासाठी प्रत्येक जोडप्याजवळ एक वही असावी. तीत तारीख, विटांची संख्या, मिळालेली खर्ची व कापलेली रक्कम रोजच्या रोज लिहावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा ग्रामसेवकाकडून नोंद करून घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा तिने घेतली आहे. तिच्यातील पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. कमी मजुरीबद्दलचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो.
२. एका ठिकाणच्या अनेक मजुरांस मिळून एकच अर्ज करता येतो. नोंदलेली कामगार संघटनाही आपल्या सभासदांसाठी तो करू शकते.
३. मजुरी दिली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.
४. बुडालेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते.

प्रथम दोन जाणत्या माणसांसमक्ष मालकाकडे हिशेब मागावा. तो न दिल्यास जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी. अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तींस आणि सर्व स्त्रियांस तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

उचलीपायी मजुरास अडकवून ठेवले असेल किंवा दुसरीकडे कामास जाऊ दिले जात नसेल, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली असून असे कर्ज फेडावे लागत नाही. याची तक्रार तहसीलदार अथवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे तत्काळ करावी. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली सक्तमजुरीच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी दिला आहे.

शेतकरी बंधूंनीही हे नियम आपणांस लागू आहेत हे विसरू नये. आवणीला लावलेल्या रोजंदारी मजुराचे पैसे दिवसाचे काम संपताच द्यावेत. सारख्या कामास स्त्री व पुरुष यांना सारखीच मजुरी द्यावी. दिलेल्या पैशांची नोंद ठेवावी. ती मजुराच्या तसीच आपल्याही उपयोगी पडते.

ग्रामसेवकांनी चालू किमान दर कामगार कार्यालयातून मागवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी, मालकाचे नाव व घेतलेली उचल दिवाळीपूर्वीच लिहून ठेवावी. जून महिन्यात तक्रार आल्यास हीच यादी प्रथम कामास येईल.