वसईचे चर्च आणि गावचे पाणी

वसई ठाऊक आहे ना? मुंबईच्या उत्तरेला, समुद्राकाठी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तिथला किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती गावकरी राहिले. जाणार कुठे? जमीन इथली, विहीर इथली. आडनावे डिमेलो, लोपीस. घरची बोली मात्र मराठीच.

आम्ही हिंदू. चर्चकडे बाहेरून पाहणारे. पूर्वी तिथली मुख्य प्रार्थना लॅटिन भाषेत होई. ती कितीजणांना कळे? १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली. त्यानंतर प्रार्थना मराठीत होऊ लागली. हे फार बरे झाले. आपण काय म्हणतो, ते आपल्याला कळायला नको का?

वसईत केळी, पानवेली, फुले पिकतात. गोड्या पाण्याची तळी आहेत. त्यांना बावखल म्हणतात. पुढे इमारती वाढल्या. विहिरींचे पाणी टँकर भरभरून नेऊ लागले. समुद्र शेजारीच. गोडे पाणी फार उपसले, की जमिनीखालून खारे पाणी आत शिरते. मग बाग करपते.

तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले. ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तीत हिंदूही होते. धर्मगुरूने पाण्याच्या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. विहीर खारट झाली, तर धर्म विचारून होते का?

फादर मराठीत लिहीत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू कशाला, म्हणून काहींनी विरोधही केला. २०२४ साली ते वारले. टँकर अजून धावतात.