बंपरचा रंग का सुटतो?

आपल्या एका गटाची गाडी पनवेलच्या बाजारात भाजी नेते. तिच्या बंपरला घरीच रंग मारला आणि पहिल्याच धुण्यात पापुद्रे निघाले. पैसे वाया. चूक माझीच, मीच म्हटलं होतं की पत्र्यासारखाच मारा!

हल्लीचा बंपर पत्र्याचा नसतो, बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो. तेलकट डब्यावर स्टिकर टिकत नाही ना, तसा त्याच्यावर नुसता रंग टिकत नाही. आधी प्लास्टिक प्रायमर लागतोच. साधा लोखंडाचा प्रायमर चालत नाही.

पोचा असेल तर वरून कडकडीत पाणी ओता, हातात जाड मोजे घालून आतून ढकला. प्लास्टिक नरम होऊन बरेचदा जागेवर येतं. मग साबणाने धुवा, सुकवा. 320 आणि नंतर 600 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून घासा. खोल चर प्लास्टिकच्या पुट्टीने भरून परत घासा. बंपर पूर्ण सुकला की प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर. प्रत्येकाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-एक मिनिटं थांबून. घाईने जाड मारला की ओघळतो.

पावसाळ्यात हे काम नकोच, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. स्प्रे पेट घेतो, म्हणून चूल-गॅसपासून लांब, उघड्यावर मारा. ओढणी बांधून भागत नाही, रंगकामाचा मास्क घ्या. गरोदर बाई, लहान मुलं जवळ नकोत.

बंपर अडकवायची क्लिपच तुटली असेल तर मात्र सरळ गॅरेज.

आणि सामानाची पावती गटाच्या फाईलला लावा. मागच्या वेळी तीही सापडली नाही.