दारावर येणारा विक्रेता आणि कोरोना : पाचवीसाठी दोन तासिकांचा पाठ



'व्यवसाय' हा भाग शिकवताना आपण फळ्यावर शेतकरी, सुतार, कुंभार, शिक्षक, डॉक्टर अशी नावं लिहितो. दारोदार फिरून वस्तू विकणारा माणूस त्या यादीत सहसा नसतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र बऱ्याच मुलांना दुकानदाराआधी तोच भेटतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दुकानं आहेत तरी किती? एक तर आठवडे बाजार, नाहीतर फेरीवाला. बांगड्यावाली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, मोटारसायकलला चादरी बांधून हप्त्याने देणारा भाऊ. मार्च २०२० नंतर ही माणसं दिसेनाशी झाली. जानेवारी २०२२ च्या अखेरीस शाळा पुन्हा उघडल्यावर मी वर्गात सहज विचारलं, "ती सगळी कुठे गेली रे?" आणि त्या एका प्रश्नावर दोन तासिका गेल्या. तुम्हालाही घेता येईल असा हा पाठ आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

उदाहरण म्हणून मी व्हॅक्यूम क्लीनर घेतला. चित्र दाखवल्याबरोबर मागच्या बाकावरून आलं, "सर, हाई काय शे?" बरोबरच आहे. ज्या घरात कुडाच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन, तिथे या यंत्राचं काय काम? तरीही हेच उदाहरण का, तर दारावरच्या विक्रीची आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली गोष्ट याच यंत्राची आहे. दुसरं म्हणजे, विक्रेता घरात शिरल्याशिवाय जी वस्तू विकणं फार अवघड, ती हीच. त्यामुळे साथीने नेमकं काय तुटलं, ते इथे स्वच्छ दिसतं.

आधी थोडं यंत्राबद्दल. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. ते घोडागाडीवर असायचं. गाडी घराबाहेर उभी राहायची आणि लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या. म्हणजे सुरुवातीला यंत्र विकलं जात नव्हतं, यंत्राची सेवा दारावर येत होती. पुढे अमेरिकेत जेम्स स्पँगलर या सफाई कामगाराने हातात धरून चालवता येईल असं यंत्र केलं. त्याला दम्याचा त्रास होता, झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. १९०८ मध्ये त्याचे हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. मुलांना हा स्पँगलर फार आवडला, कारण तो झाडणारा माणूस होता, साहेब नव्हता.

यंत्र चालतं कसं, हेही सांगा. आतला पंखा हवा जोरात बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो, तो भरून काढायला बाहेरची हवा नळीतून आत धावते आणि येताना धूळ घेऊन येते. मधली गाळणी धूळ अडवते. बूथने म्हणे खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली होती, रुमालाला धूळ चिकटली. हा प्रयोग मुलांना तोंडाने करू देऊ नका, एरवीही नको आणि साथीच्या दिवसांत तर नकोच. सुई नसलेली मोठी पिचकारी घ्या, तोंडाशी पातळ फडकं धरा आणि खडूच्या भुकटीवरून दट्ट्या मागे ओढा. तेवढ्याने काम होतं.

आता आपल्याकडची गोष्ट. १९८२ साली मुंबईत यूरेका फोर्ब्ज ही कंपनी सुरू झाली. टाटा समूहातली फोर्ब्ज आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स, अशी दोघांची भागीदारी. तिचा पहिला मोठा माल होता 'यूरोक्लीन' व्हॅक्यूम क्लीनर. पाणी शुद्ध करणारं 'ॲक्वागार्ड' त्यानंतर १९८४ मध्ये आलं. दुकानात ठेवून हा माल खपणार नव्हता. आपल्याकडे फरशी, लादी, अंगण, आणि हातात केरसुणी. गालिचे किती घरांत? माणसाला मुळात गरजच वाटत नव्हती, ती दाखवून द्यायची होती. म्हणून टाय लावलेली, बॅग घेतलेली हजारो तरुण मुलं शहरांतल्या इमारतींचे जिने चढू लागली. दारात उभं राहून, "वहिनी, फक्त पाच मिनिटं द्या, घ्यायलाच पाहिजे असं नाही." मग आत यायचं, झटकून स्वच्छ ठेवलेल्या गादीवरून यंत्र फिरवायचं आणि निघालेली धूळ समोर पांढऱ्या कापडावर ओतायची. वहिनी ओशाळायच्या. विक्री तिथेच अर्धी झालेली असायची.

यात थोडी चलाखी आहे, हे मुलांना जरूर सांगा. धूळ कोणत्याही गादीत निघते. पण त्यात कष्टही आहेत. दहा दारं आपटली गेल्यावर अकराव्या दाराशी हसून उभं राहणं सोपं नाही. त्या कामाला घराची पायरी ओलांडायला मिळणं हेच खरं भांडवल लागतं.

आणि नेमकं तेच २०२० मध्ये गेलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकावर दोरी लागली. घरकाम करणाऱ्या मावशींनाही आत सोडेनात, तिथे सेल्समनला कोण सोडणार? आता इथे मुलांना एक कोडं घाला. मावशी येत नाहीत, घरात सगळे दिवसभर बसलेले, मग केर कोण काढणार? उत्तर त्यांना लगेच सुचतं. २०२० मध्ये शहरांत व्हॅक्यूम क्लीनर आणि भांडी घासायच्या यंत्रांची मागणी वाढली, तशा बातम्याही होत्या. लोकांनी ती मोबाईलवरून मागवली. म्हणजे यंत्राला साथीने नवीन गिऱ्हाईक मिळवून दिलं आणि ते विकणाऱ्या पायांचं काम काढून घेतलं. 'धंदा बसला' असं आपण सरसकट म्हणतो. वस्तूचा धंदा आणि माणसाचा धंदा वेगवेगळे असू शकतात, हे पाचवीच्या मुलाला समजतं. मोठ्यांनाच कधी कधी समजावून सांगावं लागतं.

याचा हिशोब फळ्यावर करा, गणिताची तासिका वेगळी नको. खालचे आकडे मी धड्यापुरते धरले आहेत, खऱ्या कंपनीचे नाहीत. एक विक्रेता रोज ५० दारं वाजवतो, ५ घरांत आत जाऊन यंत्र दाखवतो, त्यातून १ विकलं जातं. एका यंत्रामागे ५०० रुपये कमिशन. महिन्याचे २५ दिवस धरले तर २५ यंत्रं आणि १२,५०० रुपये. पेट्रोल रोज १०० चं, म्हणजे २,५००. हातात उरले १०,०००. आता साथ आली. दारं तेवढीच, ५०. पण आत घेणारं घर एकच. पाच दिवसांत एक यंत्र, महिन्यात ५ यंत्रं, २,५०० रुपये. पेट्रोल? तेवढंच, २,५००. वर्गात एकदम शांतता झाली. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, तो फुकट फिरला?"

पुढची पायरी मुलांनीच काढली. आधी फोन करायचा, वेळ ठरवायची, रोज दोनच घरं पण दोन्ही दारं नक्की उघडणारी. महिन्यात ५० वेळा दाखवणं, १० यंत्रं, ५,००० रुपये, पेट्रोल निम्मं, म्हणजे १,२५०. उरले ३,७५०. शून्यापेक्षा बरे, पण पूर्वीच्या निम्मेही नाहीत. मला या विक्रीचं भविष्य साधारण असंच दिसतं. ती मरणार नाही, पण थोड्याच माणसांना पोसेल आणि ज्याच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर आहेत तोच टिकेल. जुन्या यंत्राची दुरुस्ती, गाळणी बदलणं, यासाठी बोलावलेला माणूस आत येतो, न बोलावलेला बाहेर राहतो. कंपनीची किंमत मात्र कमी झाली नाही बरं का. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲडव्हेंट या परदेशी गुंतवणूकदाराने यूरेका फोर्ब्ज सुमारे ४,४०० कोटी रुपयांच्या मूल्याने घ्यायचं ठरवलं.

साथीत दारं सगळ्यांनाच बंद नव्हती, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि आपल्यातले कित्येक शिक्षक ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. त्याआधी एप्रिलपासून चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जात होत्या, कारण कोरोनाच्या भीतीने बाया लेकरांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या होत्या. मुलांना विचारा, त्यांना दार का उघडलं गेलं? आमच्या वर्गात उत्तरं आली: "त्या फुकट देतात", "त्या ओळखीच्या आहेत", "त्यांच्याकडे कार्ड असतं". तिन्ही उत्तरं मी फळ्यावर लिहिली, कारण तिन्हीवर बोलण्यासारखं आहे.

तिसरं उत्तर तर कायद्यातच आहे. २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले. कंपनीच्या थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय घरी यायचं नाही, आपण कोण, कुठल्या कंपनीचे, माल काय, किंमत किती, परत करायचा तर कसा, हे नीट सांगायचं. पालकांनो, हे तुमच्याही कामाचं आहे. दारावर कुणी 'याने कोरोनाचे जंतू मरतात' म्हणत यंत्र घेऊन आला, तर ओळखपत्र आणि बिल मागा. मार्च २०२० मध्ये भिवंडीच्या एका गादीवाल्याने 'कोरोनारोधक' गादीची जाहिरात दिली होती, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

आपल्या पाड्यावरच्या चादरीवाल्याचं काय, हा प्रश्न राहतोच. इथे मी नवापूरची आठवण काढली. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, राज्यभर लोकांनी कोंबडी खाणं सोडलं. तरी शेड पुन्हा उभे राहिले. म्हणून तर फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या बातमीत पुन्हा नवापूरचंच नाव आलं. मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते, कारण कोंबडी मोजता येते. न उघडलेलं दार कसं मोजणार? जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली, पण ती शहरात विकणाऱ्यांसाठी. डोंगरातल्या पाड्यांवर फिरणारा तिच्यात कसा बसणार?

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील हेच काम करायचे. हिशोब चालू असताना तो गप्प होता. मग स्वतःहून उठून म्हणाला, "माझ्या पप्पांचे हप्ते राहिलेत लोकांकडे. ते मागायला पण जाता येत नव्हतं." उधारीचा हा मुद्दा माझ्या टाचणात नव्हता. विकलेला माल गावात, पैसे गावात आणि माणूस घरी. तुमच्या वर्गात हा पाठ घेताना उधारीचं एक उदाहरण हिशोबात जरूर घाला: ३० घरांकडे प्रत्येकी २०० रुपये अडकले, तर किती? फक्त वर्गात असं कुणाचं मूल आहे का, हे आधी बघून घ्या आणि त्याच्याकडे बोट जाईल असा प्रश्न विचारू नका. तो आपणहून बोलला तर बोलू द्या.

गृहपाठ एकच दिला. तेव्हा, २०२२ च्या सुरुवातीला, फेरीवाले हळूहळू परत येत होते. दारी जो येईल त्याला मास्क लावून, अंगणातूनच तीन गोष्टी विचारायच्या होत्या: दोन वर्षं काय केलंत, आता पूर्वीपेक्षा किती गावं फिरता, आणि फोनवर कुणी माल मागवतं का. उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहायची, अहिराणी, भिली, पावरी, जी असेल ती. सात वह्या आल्या. चौघांनी बांगड्यावालीला विचारलंय, दोघांनी भांडीवालीला, आणि एकाने थेट गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या काकांना. मी ती वहीही घेतली.