पन्नाशीत ही नोकरी कुठे असेल?

प्रवेशांचे दिवस आले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पॅकेज किती मिळतं?’ त्या क्षेत्रातली अठ्ठेचाळीस वर्षांची माणसं सध्या काय करतात, हे क्वचितच कोणी विचारतं. मला तोच प्रश्न आधीचा वाटतो.

वयावरून नोकरीत डावलणं बेकायदा असेल, असं अनेकजण धरून चालतात. राज्यघटनेच्या १६ व्या कलमात सरकारी नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे खरी; पण धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा त्या यादीत वय नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांना संरक्षण देणारा कायदा १९६७ साली झाला. आपल्या खासगी क्षेत्रासाठी तसा कायदा नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीत निवृत्त व्हावं लागे; पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मर्जी आणि पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा नियम मोडीत काढला. लवकर निवृत्त करणं मुळातच गैर, असं मात्र म्हटलं नाही.

छाटणीत शेवटी आलेला आधी जातो, हे औद्योगिक कायद्यातलं तत्त्वही कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारापुरतं. म्हणजे ज्या बढतीचे पेढे आपण वाटतो, त्याच बढतीने ते छत्र जातं! आणि खर्च कमी करायचा ठरला की नजर जाते ती मोठ्या पगारावर, कारण तेवढ्यात दोन-तीन फ्रेशर येतात. कारण कोणी ‘वय’ असं सांगत नाही. ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणतात, नाहीतर ‘तरुण टीमबरोबर जमेल का?’ असं हसून विचारतात. यात आधी सापडतो तो मधल्या फळीतला, ज्याचा प्रत्यक्ष कामावरचा हात सुटलेला असतो. मुलांनो, कोडिंग असो की डिझाइन, नुसती मीटिंग घेणारा होण्याची घाई करू नका.

वकिली, सीए, वैद्यकी यांत पिकलेले केस अशिलाला आणि रुग्णाला धीर देतात. पण सुरुवातीची वर्षं ओढाताणीची, म्हणून पालकच मुलांना तिथून वळवतात. हे मला पटत नाही.

स्पर्धा परीक्षांत तर वयाची भिंत तिशीतच उभी राहते. एमपीएससीला खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही मर्यादा ऐकून घरचे निश्चिंत होतात. बँकेच्या पीओ परीक्षेला खुल्या गटासाठी ती ३० आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांत बत्तिशी गाठलेला, अनुभवाची एकही ओळ नसलेला मुलगा खासगी कंपनीच्या दारात फ्रेशरही नसतो आणि अनुभवीही नसतो. किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचं, हे फॉर्म भरण्याआधीच घरात बोलून ठरवा. तयारी चालू असताना अर्धवेळ का होईना, दाखवता येईल असं काम हातात ठेवा.

आता पालकांचा हिशेब. शैक्षणिक कर्जाची फेड पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. सहकर्जदार वडील खासगी नोकरीत आणि पन्नाशीपुढचे असतील, तर हप्ते अठ्ठावन्नपर्यंतचा पगार गृहीत धरून बसवू नका. पगार पन्नाशीतच थांबला तर फी कुठून भरायची, हे कर्जावर सही करण्याआधी कागदावर मांडा, आणि मुलालाही तो कागद दाखवा.