पक्षी बघायला निघताना कोणतं पुस्तक?

प्रश्न : डिसेंबरात भरतपूर आणि नैनितालला जाणार आहोत. घरी सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आहे. पुरेल का?

उत्तर : १९४१ पासून त्या पुस्तकानं कित्येकांना पक्ष्यांचं वेड लावलं, पण त्यात निवडकच पक्षी आहेत. प्रवासात ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याच्या भारतीय उपखंडावरील मार्गदर्शिकेची छोटी आवृत्ती न्या. फोटोंपेक्षा रंगचित्रांचं पुस्तक बरं. फोटोत ऊन-सावली फसवते. चित्रात सारखे दिसणारे पक्षी शेजारी-शेजारी असतात. भरतपूरला थापट्या, तलवार बदक यांच्या माद्या बघताना हे पटेल. पुस्तकात नर, मादी, पिल्लू आणि आढळाचा नकाशा आहे ना, तपासा. आणि निघण्याआधी आठवडाभर चाळा. पक्षी पानं उलटेपर्यंत थांबत नाही!