थंडीतलं वेंगुर्लं

आमचं घर निफाडला. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि माझे गुडघे धरतात. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी यांनी विचारलं, "थंडीपुरतं कोकणात राहायचं का?" तेव्हापासून सहा हिवाळे आम्ही वेंगुर्ल्यात काढले. नोव्हेंबरअखेर निघतो, शिमग्याच्या आधी परततो. बरोबरीची मंडळी विचारतात, तुम्हाला जमतं कसं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी हयातीचा दाखला, मग तिकीट.
आमची दोघांचीही पेन्शन. नोव्हेंबरात दाखला दिला नाही तर ती अडकते, आणि परगावी बसून ती सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. हल्ली मोबाइलवरूनही दाखला देता येतो, पण आमच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. म्हणून बँकेत जाऊन सही करतो आणि मगच बॅगा काढतो. घराची किल्ली आणि तुळस शेजारणीकडे.

२. घर बाजाराजवळ घ्यावं.
पहिल्या वर्षी फोटो बघून भुललो. खिडकीतून समुद्र दिसणारं घर तीन महिन्यांसाठी घेतलं. आजूबाजूला सगळ्या पर्यटकांच्या खोल्या, सोमवार ते गुरुवार कुलपं. एका रात्री यांना चक्कर आली. हातात बॅटरी घेऊन मी अंगणात उभी होते, आणि हाक मारायला माणूस नव्हता. रिक्षा यायला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या वर्षापासून बाजारपेठेत, एका घराच्या मागच्या दोन खोल्या घेतो. पुढे मालकांचं कुटुंब, मध्ये विहीर. समुद्र चालत वीस मिनिटांवर, पण गिरणी, दूध, डॉक्टर, मासळीबाजार सगळं हाकेच्या अंतरावर. दुखणं मोठं असेल तर इथली माणसं पेशंटला गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेतात. गाडीवाल्याचा नंबर आम्ही पोचल्याच्या दिवशीच भिंतीवर चिकटवतो.

३. तिथी बघून फिरायला जावं.
पहिले काही दिवस आम्ही निफाडच्या सवयीने रोज सकाळी सहालाच निघायचो. कधी पुळण लांबवर उघडी, कधी पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत. कोरड्या वाळूत पाय रुतायचे आणि माझे गुडघे संध्याकाळपर्यंत ठणकायचे. घरमालकांच्या आईंनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला ओली, घट्ट वाळू पायाखाली. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी चढलेलं असतं, त्या दिवशी आम्ही रस्त्याने चालतो. पुनवेला आणि अवसेला संध्याकाळी पाचला जातो, तेव्हा किनारा सर्वांत रुंद असतो.

भूगोलाच्या तासाला खारे वारे, मतलई वारे मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिले. सकाळी जमिनीकडून येणारा गार मतलई वारा पाठीला लागतो. दुपार व्हायच्या आत तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. हे मला स्वतःच्या कातडीवर कळलं ते वयाच्या साठीनंतर. शिकवताना मुलांना इथे आणता आलं असतं तर, असं फार वाटतं.

४. मासळी रोज एकाच मावशीकडून घ्यावी.
आमच्याकडे मटणाची सवय, मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये, हे मावशीनेच शिकवलं. "काकी, ह्यो बांगडो आत्ताच इलो," म्हणून ती पुढे करते ते डोळे मिटून घ्यावं. पण तिच्यावर माझा विश्वास बसला तो वेगळ्याच दिवशी. टोपली भरलेली होती आणि ती म्हणाली, "आज नको घेव, फाल्यां ये." बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालायची, पण ठेचून, आतली काळी बी काढून टाकायची.

५. दिवसातले तीन तास एकमेकांना मोकळं सोडावं.
हे सगळ्यांत महत्त्वाचं. नोकरीत असताना आम्ही भेटायचो ते रात्रीच्या जेवणाला. इथे दोन खोल्या आणि चोवीस तास. दुसऱ्या वर्षी जानेवारीत रेडिओच्या आवाजावरून, चहात साखर किती यावरून रोज खटके उडू लागले. मग ठरवलं, आठ ते अकरा तुम्ही तुमचे, मी माझी.

मी नगर वाचनालयात जाऊ लागले. जयवंत दळवी जवळच्या आरवलीचे. वि. स. खांडेकर १९२० पासून पुढे बरीच वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. ही माणसं जिथे वावरली तिथेच बसून त्यांची पुस्तकं वाचण्यात फार सुख आहे.

हे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात ते, बघायला जायचे. बरेच दिवस नुसते लांब उभे. एकदा एका म्हाताऱ्या रापणकराने दोर पुढे केला, "काका, हात लावा." त्या दिवशी मी किनाऱ्यावर लवकर पोचले म्हणून मला ते दिसलं. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, ओला दोर कमरेशी धरलेला, सगळे मागे रेलून एकेक पाऊल उलटं टाकत होते. त्यांत हे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जाळं काठाला लागलं तेव्हा आत पेडवे चांदीसारखे उसळत होते. रापणीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. यांनाही मिळाला, दोन ओंजळी पेडवे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं टेबलावर काम केलेला माणूस ती पिशवी दोन्ही हातांनी धरून घरी आला. मी ते तळले आणि यांनी पहिला मला वाढला.

आता अकराला भेटलो की एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. खटके कमी झाले ते त्यामुळे.

६. एक तरी दशावतार पूर्ण बघावा.
इथे जत्रेला दहीकालो म्हणतात. त्यातलं दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शाल, पाण्याची बाटली, रात्रीची गोळी बरोबर. दुपारी झोप काढली की निभतं. राजाच्या तोंडी आयत्या वेळी सुचलेले संवाद ऐकताना समोर बसलेली म्हातारी माणसं मान डोलावत असतात, ते बघण्यासारखं असतं.

७. मुलांना तारखा आधी सांगाव्यात.
लेक आणि नातवंडं नाताळच्या सुट्टीत येतात, आठ दिवस. तेव्हा आमचं वेळापत्रक बाजूला. एरवी मात्र आम्ही पाहुणे नसतो, गावातलेच असतो.

तुम्हालाही जायचं असेल तर एकदम तीन महिन्यांचं भाडं भरू नका. जानेवारीत पंधरा दिवस जा, बाजाराजवळ खोली घ्या, रोज त्याच मावशीकडे जा. ती तुम्हाला "आज नको" म्हणाली की पुढच्या वर्षाचं घर ठरवायला हरकत नाही.