संगणकाच्या मेमरीतली रिकामी घरं



उभ्या बेरजेत एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आलाच पाहिजे, हे आपण मुलांना रोज सांगतो. संगणकाच्या मेमरीतही जागेचा असाच एक नियम आहे. त्याला ‘मेमरी अलाइनमेंट’ म्हणतात. पुढे संगणक शिकणारी आपली मुलं इथं अडखळतात, म्हणून आज तो समजून घेऊया.

मेमरी म्हणजे 0, 1, 2, 3 असे क्रमांक दिलेली घरं. एका घरात एक बाइट मावतो. पुण्याच्या सी-डॅकने 1998 मध्ये ‘परम 10000’ हा महासंगणक तयार केला. त्यात अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. स्पार्कचा नियम कडक आहे. चार बाइटची संख्या 4 ने भाग जाणाऱ्या घरापासूनच सुरू व्हायला हवी. 5 क्रमांकापासून वाचायला सांगितलं, तर साधारणपणे ‘बस एरर’ येऊन प्रोग्राम बंद पडतो.

हा नियम सांभाळतो कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत आणणारा.

उदाहरण पाहा. सी भाषेत विद्यार्थ्याची नोंद करायची आहे: तुकडी 1 बाइट, गुण 4 बाइट, श्रेणी 1 बाइट. बेरीज 6, पण जागा लागते 12! तुकडी 0 मध्ये बसते, 1 ते 3 रिकामी. गुण 4 ते 7 मध्ये, श्रेणी 8 मध्ये. 9 ते 11 पुन्हा रिकामी, कारण पुढच्या विद्यार्थ्याचे गुणही 4 च्या पटीवर यायला हवेत.

कंपायलरला ‘पॅक’ सेटिंग दिली की नोंद 6 बाइटमध्ये बसते. पण मग स्पार्कवर गुण एकेक बाइट वाचून जोडावे लागतात, वेळ जातो. शिवाय त्या गुणांचा पत्ता प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाला दिला, तर तिथं बस एरर येऊ शकते. शाळेतल्या इंटेलच्या संगणकावर मात्र तोच प्रोग्राम बहुधा बिनतक्रार चालतो. म्हणून ‘माझ्याकडं चाललं’ म्हणजे बरोबर, असं नाही.

सोपा उपाय क्रमात आहे. आधी गुण, मग तुकडी, मग श्रेणी लिहा. 8 बाइट पुरतात आणि नियमही मोडत नाही.

कृती: फरशीवर खडूने 0 ते 11 अशी घरं आखा. हात धरलेली चार मुलं म्हणजे गुण, दोन सुटी मुलं म्हणजे तुकडी आणि श्रेणी. साखळी 0, 4 किंवा 8 पासूनच सुरू व्हावी. कमीत कमी घरांत कसं बसायचं, हे मुलांनाच शोधू द्या. 4 च्या पाढ्याची उजळणी आपोआप होईल.